दगडांची ओळ

वरचा पाडा, ता. अक्राणी
२६ फेब्रुवारी २०२४

नूतनताई,

पाकीट बघून हसली असशील. घरोघरी मोबाइल आहेत आणि मावसबहीण कागदावर लिहिते. पण इथे रेंज हवी तर तासभर टेकडी चढावी लागते, आणि आश्रमशाळेतल्या बाईला तेवढा तास कुठला. इंद्रसिंगची जीप रोज तळोद्याला उतरते, तो पोस्टात टाकेल. तूही त्याच्याकडेच देत जा.

शाळेमागच्या उतारावर मोहाचं एक दांडगं झाड आहे. ते दिवलीबाईचं. ही सत्तरीची पावरा म्हातारी आमच्याकडे मुलांच्या भाकऱ्या करायला येते. सध्या झाडाला पान नाही, फांद्यांच्या टोकांना नुसते कळ्यांचे घोस. मोहाची फुलं तोडायची नसतात गं. ती रात्रीत पिकतात आणि पहाटे आपणहून पडतात. आपण फक्त खालची जमीन झाडून लख्ख ठेवायची. ज्याची त्याची जागा ठरलेली, तुझ्या झाडलेल्या जागेत पडलं ते तुझं. जमीन उताराची, म्हणून प्रत्येकजण आपल्या जागेच्या खालच्या कडेला दगडांची ओळ लावतो, नाहीतर फुलं घरंगळून खालच्या माणसाकडे जातात. आणि गेलेलं फूल मागायचं नाही, असा इथला नियम.

यंदा दिवलीबाईनं मला तिच्या शेजारी थोडी जागा दिली. काल पहाटे जाऊन बसले. जरासं उजाडलं होतं. एक फूल पडलं, मग बराच वेळ काही नाही, मग दोन लागोपाठ. एक माझ्या मानेवर पडलं, गार आणि रसानं जड. ताई, मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. रडू आलं, पण दुःखाचं नव्हे. आई गेल्यापासून मी अशी निवांत बसलेच नव्हते. कुणीतरी मला काहीतरी उगाच देतंय, मी काही केलेलं नसताना, असं वाटत राहिलं. उठले तेव्हा दिवलीबाई माझ्याकडे बघून हसत होती.

तुझ्या प्रबंधात ह्याला काहीतरी नाव असेल. कळव.

तुझी
शीला

*

शहादा
२ मार्च २०२४

शीला,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. हेमकांतना वाटलं केळीच्या भावावरून चिडले आहे.

नाव आहे त्याला. कृपा. एकोणीस वर्षं मी वर्गात हेच शिकवते. देवाची कृपा ह्या इंग्रजी रोमँटिक कवींनी देवळाबाहेर काढली आणि डोंगरात, ओढ्यात, धुक्यात नेऊन ठेवली. ती मागून मिळत नाही आणि कष्टानं कमावताही येत नाही. जो रिकाम्या हातांनी, काही न मागता थांबतो, त्याच्यावर ती एखाद्या साध्या सकाळी उतरते, आणि मग तो माणूस पूर्वीचा राहत नाही. ह्यावर माझी तीनशे ऐंशी पानं लिहून झाली आहेत. शेवटचं प्रकरण मात्र वर्षभर अडलंय. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, ‘बाई, सगळं बरोबर आहे. पण हे तुम्हाला स्वतःला कधी झालंय असं वाचताना वाटत नाही.’ मी घरी येऊन खूप वेळ भांडी घासली.

आणि तुला झालं. कवितेशी तुझा संबंध चौथीच्या पुस्तकापुरता. तू भाकऱ्यांच्या हिशेबातून उठून जाऊन बसतेस आणि तुझ्या मानेवर पडतं. जळते मी तुझ्यावर, लिहूनच टाकते. लहानपणीही हेच. दसऱ्याला नीलकंठ दिसावा म्हणून मी ब्राह्मणपुरीच्या मळ्यात सकाळभर बसायचे. तू हरवलेली चप्पल शोधायला यायचीस आणि तो तुला दिसायचा. वर मलाच ओरडून सांगायचीस, ‘ताई, तो देख, तो देख’, तोवर तो उडालेला.

मी येते आहे. शनिवारी नऊ तारखेला. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘घरमा केळीना घड पडेल शेत नि तू डोंगरवर फुले येचाले चालनी? तठे काय सोनं पडी ऱ्हायनं का?’ मी म्हटलं, ‘हा, तसंच समजा.’

नूतन

*

वरचा पाडा
५ मार्च २०२४

ताई,

ये, खुशाल ये. अंथरूण आहे, पांघरूण घेऊन ये, पहाटे गारठा असतो. वत्सलामावशींना म्हणावं सोनं पडलं तर निम्मं तुमचं.

एक-दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. झाडाला हात लावायचा नाही. आपल्याकडे चिंच झोडपतात, शेवगा आकडीनं ओढतात, तसलं इथे मोहाला कुणी करत नाही. आणि खालच्या शेतातल्या वीरसिंगशी फार बोलू नकोस. झाड त्याच्या नि दिवलीबाईच्या बांधावर आहे. तो म्हणतो, उतारानं फुलं माझ्याकडेच येणार, ती म्हातारी दगड लावून अडवते. मागच्या आठवड्यात तो सगळ्यांसमोर बोलला की खाली झुकलेली ती मोठी फांदीच मी ठेवत नाही. रागीट आहे. मनानं वाईट नाही.

तू जळतेस म्हणालीस त्याचं मला हसू आलं. तुझ्याकडे कपाटभर पुस्तकं, नवरा, केळीची बाग, शहाद्यात घर. माझ्याकडे एक मानेवर पडलेलं फूल. तेही तुला हवं. बरं, माझ्याच जागेत बस.

शीला

*

शहादा
१२ मार्च २०२४

प्रिय शीला,

सुखरूप पोहोचले. जीपमध्ये एका बाजूला कोंबड्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, त्यापेक्षा कोंबड्या बऱ्या. रविवारी तुला न उठवता पहिल्याच जीपनं निघाले त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कॉलेजात परीक्षेचं काम निघालं होतं.

तुमचा पाडा सुंदर आहे. दिवलीबाईच्या हातची भाकरी फार आवडली. तुझी मुलंही गोड. शनिवारची संध्याकाळ माझ्या लक्षात राहील, आपण दोघी ओट्यावर बसून आईंच्या गोष्टी काढल्या ती.

एक सहज विचारायचं होतं. मोहाची कळी न पिकताच गळाली तर त्या जागी दुसरी येते का? प्रबंधात तळटीप द्यायची आहे.

प्रकृतीला जप.

नूतन

*

वरचा पाडा
१५ मार्च २०२४

ताई,

नाही येत. त्या टोकाचं ते वर्ष गेलं. आणि फांदीच मोडली तर पुढचीही एक-दोन वर्षं. हे मी आता फार नीट सांगू शकते, कारण सगळा पाडा तेवढंच बोलतो आहे.

तू गेलीस त्याच सकाळी दिवलीबाई झाडाखाली आली तर खाली झुकलेली ती मोठी फांदी अर्धी मोडून लोंबत होती. खाली कच्च्या कळ्यांचा सडा. कुणीतरी ओढून ओढून मोडली होती, साल सोलून निघाली होती. म्हातारी खाली बसून कळ्या एकेक करून उचलत राहिली, जणू त्या पिकणार आहेत. मला बघवलं नाही.

वीरसिंगनंच केलं ह्यात कुणाला शंका नाही. बोलला होताच तो. आता नाही म्हणतो, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हणतो, पण कोण ऐकतो. होळीच्या आत भांडणं मिटवायची इथली रीत आहे. गुरुवारी, एकवीस तारखेला पंच बसतील. डोंगरसिंग म्हणून थोरले पंच आहेत, ते म्हणाले, झाडावर हात टाकणाऱ्याला यंदा होळीत उभं राहता येणार नाही. तुला ते लहान वाटेल. इथे होळीत उभं न राहणं म्हणजे माणूस पाड्यात असून नसल्यासारखा. त्याच्या बायकोनं, रूपलीबाईनं, दोन दिवस चूल पेटवली नाही. मलाही साक्षीला बोलावलंय. तो फांदी मोडीन म्हणाला हे मी कानांनी ऐकलंय, तेवढं सांगणार आहे.

तू त्याआधी निघालीस ते बरं झालं. आणि एक कबूल करते. परीक्षेचं काम वगैरे मला पटलं नाही. जीप शाळेसमोरून वळली तेव्हा मी खिडकीत होते. तुझे डोळे लाल होते, तू रडत होतीस. मला कळलं, तुला ते झालं. माझ्याहून पुष्कळ जास्त झालं असणार, म्हणून तुला कुणाशी बोलवेना. आणि ताई, मला तुझा हेवा वाटला. मी खिडकीत उभी राहून म्हटलं, माझं ते एक होतं, तेही हिनं एका सकाळीत नेलं. मग माझीच मला लाज वाटली.

शीला

*

तळोदा, जीप स्टँड
१८ मार्च २०२४

शीला,

फांदी मी मोडली.

वीरसिंगनं नाही. मी. हे पत्र पंचांसमोर मोठ्यानं वाच, गाळू नकोस काही.

रविवारी तू झोपलेली असताना मी झाडाखाली गेले. तुझ्या जागेत बसले. रिकाम्या हातांनी, काही न मागता, जसं मी एकोणीस वर्षं मुलांना सांगते तसं. पाऊण तास बसले असेन. माझ्या जागेत एकही पडलं नाही. दिवलीबाईच्या जागेत पडत होती, मला ऐकू येत होती. खाली वीरसिंगकडे पडत होती. मी मनात म्हटलं, आता पडेल. मग म्हटलं, मी इतकं शिकले, इतक्या लांबून आले, आता पडायला हवं. मग मला दुसरं काही सुचेना, फक्त तू दिसत होतीस, मानेवर फूल पडलेली. मी तुझा जितका हेवा केला तितका आयुष्यात कुणाचा केला नाही, आणि तुझ्यासारखी साधी बाई समोर असताना तो जास्तच होतो.

शाळेच्या भिंतीला शेवग्याची आकडी टेकवलेली होती. ती घेऊन मी फांदी ओढली. थोडी हलवावी एवढंच मनात होतं. कळ्या पडल्या, हिरव्या, टणक. त्या फुलांसारख्या नव्हत्या म्हणून मला राग आला आणि मी आणखी ओढली. मोडल्याचा आवाज झाला तेव्हा मी आकडी सोडून दिली, मग परत उचलली, पुसली आणि जागेवर नेऊन ठेवली. पुसली, हे वाच. मी पुसली.

तू मला खिडकीतून रडताना पाहिलंस ते खरं आहे. मी भीतीनं रडत होते.

ही गोष्ट मी घरी फक्त सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, ‘झाडना गुन्हा काय व्हता वं? तुले जे नही भेटनं ते त्यानी कोठे लपाडी ठेयेल व्हतं का?’ मग म्हणाल्या, ‘जाय, सांगी ये.’ मी सांगायला निघाले. तळोद्यापर्यंत आले, इंद्रसिंगच्या जीपमध्ये एक पाय ठेवला आणि काढून घेतला. दिवलीबाईच्या तोंडासमोर उभं राहायचं धैर्य माझ्यात नाही. म्हणून इथे चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे. तो वाट बघत हॉर्न देतो आहे.

वीरसिंगला होळीत उभं राहू द्या. मला जे सांगाल ते मी करीन.

नूतन

*

वरचा पाडा
२३ मार्च २०२४

नूतनताई,

वाचलं. काही गाळलं नाही. पावरी बोलीत सांगताना ‘पुसली’ शब्दाशी मी अडकले, डोंगरसिंग म्हणाले, पुन्हा सांग. पुन्हा सांगितलं.

वीरसिंग उठला आणि निघून गेला. सुटल्याचा आनंद वगैरे काही नाही. बारा दिवस आपल्याच माणसांनी चोर म्हटलं, ते एका पत्रानं कसं जाणार. मी त्याच्याविरुद्ध बोलायला तयार होऊन बसले होते, ह्याची मला जास्त लाज वाटते. रूपलीबाई आता माझ्याकडे बघत नाही.

तुझ्यावर मी फार रागावले आहे. तू फांदी मोडलीस त्याचा राग कमी आहे. तू मला तळटीप विचारलीस, त्याचा आहे. रेंज नसताना तुला परीक्षेचं काम कसं कळलं, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही, कारण मला तू रडलीस ते सुंदर वाटायला हवं होतं.

आता दिवलीबाईचं. पंच म्हणाले, बाई शहाद्याची, तिला काय शिक्षा करणार, तूच सांग. म्हातारीनं आधी एवढंच विचारलं, ‘तिला एकपण फूल मिळालं नाही?’ मी म्हटलं, नाही. मग म्हणाली, पुढच्या वर्षी त्या मोडलेल्या फांदीखालची जागा तिची. तिनं यायचं, झाडू मारायचा, दगड लावायचे आणि फुलं संपेपर्यंत रोज पहाटे बसायचं. मी म्हटलं, आजी, त्या फांदीला पुढच्या वर्षी काहीच लागणार नाही. ती म्हणाली, ‘मला माहीत आहे.’ सगळे हसले. मीही हसले, खरं सांगते.

उद्या होळी. वीरसिंग उभा राहणार आहे. तू येणार का पुढच्या वर्षी, ते तुझं तू ठरव.

शीला

*

वरचा पाडा
१७ मार्च २०२५

शीला,

वर्षभर तू चार ओळींची पत्रं पाठवलीस, तेवढीच माझी लायकी होती. तुझी बदली नवापूरला झाली आणि तुझ्या जुन्या खोलीत मी येऊन राहिले, ह्याचं तुला आता काय वाटत असेल ते मला कळतं. नवापूरच्या तुझ्या खिडकीतून कोंबड्यांच्या शेडचा वास येतो म्हणालीस. मी रजा घेतली आहे. नव्या बाईंनी खोली दिली. आज सोळावा दिवस.

पहिल्या दिवशी दिवलीबाईनं झाडू हातात दिला आणि जागा दाखवली. वर तिची, मध्ये माझी, खाली वीरसिंगची. माझ्या डोक्यावर तो तुटका सोट, टोकाला एक कळी नाही. मी जमीन झाडली, खालच्या कडेला दगड लावले आणि बसले. वर टपटप, खाली टपटप, माझ्याकडे काही नाही. सगळा पाडा येऊन बघून गेला, कॉलेजच्या बाई वाळल्या फांदीखाली बसल्यात ते. वीरसिंग माझ्याकडे पाठ करून वेचायचा. मी त्याची माफी मागितली, त्यानं ऐकल्यासारखं केलं आणि टोपली उचलून गेला. मला दोघांचाही हेवा वाटत होता, शीला. शिक्षा भोगतानाही वाटत होता. ही माझी खोड जायची नाही असं दिसतं.

चौथ्या दिवशी माझ्या जागेत फुलं होती. थोडी नव्हे, पसाभर, दगडांच्या ओळीला लागून साठलेली. मी वर बघितलं, फांदी तशीच उघडी. मला वाटलं वारा. पण वारा नव्हता. पाचव्या दिवशी आणखी, सहाव्या दिवशी आणखी. मी वेचायची आणि तुझ्या त्या पहिल्या पत्रासारखं मला काहीतरी व्हावं म्हणून वाट बघायची. काही व्हायचं नाही. नुसती फुलं.

काल मी लवकर गेले. दिवलीबाई आधीच आलेली होती, पाठमोरी, कमरेत वाकून आपली जागा झाडत होती. ती खालच्या कडेपर्यंत झाडत आली आणि मग माझीही वरची कड झाडून सरळ केली, मध्ये खडा राहू दिला नाही. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या जागेला खाली दगडच नाहीत. वीरसिंगशी जिच्यापायी इतकी वर्षं भांडली ती ओळच नाही. तिचं जे पडत होतं ते निम्मं माझ्याकडे येत होतं.

मी विचारलं, ‘आजी, तुझे दगड कुठे गेले?’

ती मराठी तोडकंमोडकं बोलते. झाडू थांबवला नाही. म्हणाली, ‘उंदीर नेले.’

मी तिथेच खाली बसले. तुझ्यासारखं नाही झालं. सुंदर काही वाटलं नाही. मला फार लाज वाटली आणि तरी मी ती फुलं वेचली, कारण न वेचणं आणखी वाईट झालं असतं. तीनशे ऐंशी पानांत मी कुठेही लिहिलेलं नाही की देणारा आधी येऊन दगड उचलून ठेवत असतो, आणि विचारलं तर उंदरांवर घालतो. प्रबंधाचं विचारू नकोस. शेवटचं प्रकरण कोरंच आहे.

ह्या पत्रासोबत इंद्रसिंग तळोद्याहून तुला एक पुडकंही पोस्टानं पाठवेल. वाळवलेली फुलं आहेत, तुझ्या वाट्याची. मी तुझ्याकडून नेलं होतं असं तुला वाटलं होतं ना, ते. भाकरीत घाल.

आज पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन मी माझ्या खालच्या कडेचे दगड एकेक करून उचलले आणि झुडपामागे टाकले. उजाडल्यावर वीरसिंग आला. त्याच्या जागेत वरून घरंगळत आलेल्या फुलांकडे बघत राहिला, मग माझ्या कडेकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

‘बाई, तुमचे दगड कुठे गेले?’

मी म्हटलं, ‘उंदरांनी नेले.’

तुझी
नूतन